मोटारीचे दात

माणगावात राहणाऱ्या माणसाला मोटार हवी कशाला, असे आमचे पुण्या-मुंबईचे नातेवाईक अजूनही विचारतात. गाव ते केवढे! स्टेशन आहे, एस.टी. स्टँड आहे, नाक्यावर रिक्षा उभ्या असतात, बाजारहाट पायी होतो. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण माणगावची गंमत अशी की इथल्या माणसाचे महत्त्वाचे काम बहुधा माणगावात नसतेच. आमचे गाव नाक्यावरचे. मुंबई-गोवा महामार्ग पोटातून गेलेला; एक रस्ता म्हसळा-श्रीवर्धनकडे फुटतो, दुसरा निजामपूर, विळे करीत ताम्हिणी घाट चढतो आणि मुळशीवरून पुण्यात उतरतो. इथून सगळीकडे जाता येते. म्हणून सगळीकडे जावे लागते.

आमचेच पाहा. सौभाग्यवती निजामपूरच्या अंगाला एका प्राथमिक शाळेवर शिक्षिका आहे. आई शहात्तर वर्षांची. तिच्या डोळ्याच्या पडद्याचा विकार असा की दर महिना-दीड महिन्याने पुण्यास जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागते. वेळ चुकली तर गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. एस.टी.ने जाणे तिला आता झेपत नाही आणि दर खेपेला भाड्याची गाडी करणे आमच्या खिशाला झेपत नाही. तेव्हा मोटार घ्यायची ठरले. नवी घ्यावी तर घराचे कर्ज डोक्यावर आणि मुलाची फी समोर उभी. शिल्लक होती ती तीन लाखांच्या आतबाहेर. एवढ्यात जुनी, लहान गाडी येते; पण ती भरवशाची हवी. भरवसा या शब्दाचा अर्थ मी वर्गात अनेकदा सांगितला असेल, पण तो खरा कळतो ताम्हिणीत. जुलै महिना, संध्याकाळचे पाच, धुके इतके की समोरचा दगड दिसत नाही, मोबाईलला धड रेंज नाही आणि मागच्या सीटवर डोळ्याला पट्टी बांधलेली म्हातारी आई. अशा जागी जी बंद पडत नाही ती भरवशाची गाडी.

माझे आजोबा बैल घ्यायला घाटावरच्या बाजारात जात. त्या बाजाराची एक भाषाच होती. दुधाचे दात असलेला तो आदत. मग दोनदाती, चौसा, सहादाती. आणि सगळे दात आले की जुळला. उपरण्याखाली हातात हात घालून, बोटे दाबून किंमत ठरायची. शेजारच्याला कळायची नाही. पण किंमत ठरण्याआधी आजोबा बैलाचा जबडा उघडून पाहत, खूर उचलून पाहत, त्याला चालवून, बसवून, उठवून पाहत आणि शेवटी मालकाकडे वळून विचारीत, "खोड काय?" मोटारीच्या बाजारात हा प्रश्न कोणी विचारीत नाही. सगळे विचारतात, "रनिंग किती?" बैलाचे दात मागे फिरवता येत नाहीत, मोटारीचा मीटर येतो. पूर्वी तो काट्याचा होता तेव्हाही फिरवीत, आता आकडे उजळणारा आला आहे तर लहानशा यंत्राने पाच-दहा मिनिटांत फिरवतात. अमेरिकेने १९७२ साली यासाठी खास कायदा केला, यावरून हा धंदा आपल्याच लोकांचा आहे असे समजण्याचे कारण नाही.

जुन्या पिढीतल्या वाचकांना आठवत असेल की एके काळी आपल्याकडे हा प्रश्न निराळाच होता. फियाट, अँबॅसिडर आणि स्टँडर्ड हेरल्ड एवढीच काय ती मोटारींची नावे. नवी फियाट हवी तर पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. त्यामुळे हातात मिळणारी जुनी गाडी कधी कधी नव्या गाडीच्या छापील किमतीहून महाग जाई. त्या काळी गाडीची पारख कोण करणार! मिळाली हेच नशीब. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि लहान मोटार मध्यमवर्गाच्या दारात आली. ती २०१४ पर्यंत निघत होती. आज अशा लहान गाड्या शेकड्यांनी विकायला उभ्या असतात. अडचण टंचाईची उरली नाही, ओळखायची आहे.

या ओळखण्याच्या अडचणीवर एका अर्थशास्त्रज्ञाला नोबेल पारितोषिक मिळालेले आहे, हे मला आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी स्टाफरूममध्ये सांगितले. जॉर्ज अकरलॉफ हे त्याचे नाव. १९७० साली त्याने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लहानसा निबंध छापला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. निबंधाचे म्हणणे साधे आहे. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा धास्तीने मधलाच भाव देतो. मधल्या भावात चांगल्या गाडीचा मालक नुकसानीत जातो. तो गाडी विकायचीच थांबतो. मग बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढते, घेणारा आणखी धास्तावतो, भाव आणखी खाली येतो. तिकडे फसव्या गाडीला बोलीभाषेत 'लिंबू' म्हणतात आणि निबंधाच्या नावातही तोच शब्द आहे. आपण गाडीला लिंबू बांधतो, ते गाडीलाच लिंबू म्हणतात, एवढाच फरक! अकरलॉफला २००१ साली आणखी दोघांबरोबर नोबेल मिळाले. मला मात्र त्याच्याहून उपयोगी पडले ते आमचे चाचा.

चाचांचे गॅरेज महामार्गालगत आहे. वय साठीच्या पुढे. तरुणपणी मुंबईस कुर्ल्याला एका गॅरेजात ते हात शिकले. जिथे फियाट बनत असे त्याच कुर्ल्यात. पुढे तिचीच पद्मिनी झाली, मुंबईची टॅक्सी झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली, त्या दिवशी चाचांनी वर्तमानपत्रातला तिचा फोटो कापून गॅरेजात चिकटवला. मी त्यांना म्हटले, "चाचा, गाडी बघायला माझ्याबरोबर याल का? तुमची दिवसाची मजुरी देईन."

"येतो, सर. पण दोन अटी. सकाळी जायचं आणि मालकाला सांगायचं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका."

"का बरे?"

"गरम इंजिन खोटं बोलतं. थंड इंजिनाला खोटं बोलता येत नाय."

पहिली गाडी पनवेलकडे, एका विक्रेत्याच्या आवारात होती. जाहिरात मी भाषेचा मास्तर म्हणून वाचली होती: 'एकाच मालकाची, डॉक्टरांनी वापरलेली, अपघात नाही, शोरूमसारखी, रनिंग फक्त ३१,०००.' एका ओळीत पाच विशेषणे आणि क्रियापद एकही नाही. गाडी काय करते हे कुठे लिहिलेच नव्हते! चाचांनी जाताच बॉनेटवर हात ठेवला. "गरम आहे," ते एवढेच म्हणाले. विक्रेता म्हणाला, "आत्ताच धुवून आणली." चाचा खाली बसले आणि टायरच्या कडेला बोट ठेवून मला चार आकडे दाखवले: १४२२. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०२२ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला टायर. चारही तसेच. गाडी २०१६ ची. चांगला टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर सहज जातो. मग एकतीस हजार चाललेल्या गाडीचे चारही टायर केव्हाच का बदलावे लागले? ब्रेकच्या पायपट्टीचे रबर झिजून गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगची कातडी तेलकट चमकणारी, ड्रायव्हरच्या सीटची दारालगतची कड बसलेली. डॉक्टरांकडे रोगी फार असतील, असे मी म्हटले. चाचा हसले नाहीत. "लाख-सव्वा लाख चालली आहे, सर. चालली याचं काय नाय. लपवली, याचं आहे." इंजिन चालू न करताच आम्ही परतलो.

इथे थोडे थांबून थंड इंजिनाची गोष्ट सांगतो, कारण ही परीक्षा कोणालाही करता येते. किल्ली फिरवताना एकाने सायलेन्सरच्या मागे उभे राहावे. सुरुवातीला जरा पांढरी वाफ आणि दोन थेंब पाणी पडले तर घाबरू नये. पावसाळी हवेत ते होतेच. पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर थंडाव्याचे पाणी इंजिनाच्या आत उतरते आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले गेली. काळा धूर म्हणजे पेट्रोल धड जळत नाही, आणि तिघांत हा त्यातल्या त्यात स्वस्त आजार. मग ऑइल भरायचे झाकण उघडून त्याची आतली बाजू पाहावी. तिथे ताकावर येतो तसा पिवळट फेस दाटून बसलेला असेल तर ऑइलात पाणी मिसळले आहे. रोज कोपऱ्यावर जाऊन परतणाऱ्या गाडीत थोडासा फेस नुसत्या दमटपणानेही धरतो. म्हणून एकट्या फेसावरून निकाल देऊ नये, धूर आणि पाण्याची टाकीही पाहावी. रेडिएटरचे झाकण तापलेल्या गाडीचे कधीही उघडू नये, तोंड भाजेल. आणि एक बारकी गोष्ट: इंजिन चालू करण्याआधी किल्ली 'ऑन'वर आणली की इंजिनाचा आणि एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड आहे हे सगळ्यांना कळते. लागलाच नाही तर कोणीतरी तो काढून ठेवला आहे, हे पुष्कळांना सुचत नाही.

दुसरी गाडी श्रीवर्धनच्या वाटेवर, समुद्रालगतच्या एका वाडीत होती. मालक निवृत्त, स्वभावाने भला माणूस. बावीस हजार किलोमीटर आणि तेही खरे. सर्व्हिसच्या पावत्याच त्याने पुढे ठेवल्या. सौभाग्यवतीला गाडी फार आवडली. पण चाचांनी अंगणात पोते पसरले, गाडीखाली सरकले आणि पान्ह्याच्या मुठीने तळाचा पत्रा ठोकू लागले. ठण्‌ ठण्‌ आवाज येता येता एका जागी नुसते 'भद्‌' झाले. खारी हवा आत शिरून पत्रा खात होती. ब्रेकच्या नळ्यांनाही गंज चढलेला. दहा वर्षे ती गाडी माडाखाली, समुद्राकडे तोंड करून उभी होती. कमी चाललेली गाडी चांगली, हा समज आपल्यात पक्का आहे. उभ्या गाडीचे टायर न झिजता कडक होतात, रबरी सीले सुकतात, ब्रेक धरून बसतात. रोज वीस-तीस किलोमीटर फिरलेली आणि वेळेवर ऑइल बदललेली साठ-सत्तर हजारांची गाडी याहून पुष्कळ बरी. मालकाने मात्र आम्हाला शहाळी पाजून पाठवले आणि तळाचे काम करून घेतो म्हणाला.

तिसरी गाडी आमच्या दारात आली. एका दलालाने आणलेली. पांढरी, झगझगीत, सीटवर नवे कव्हर, आत अत्तराची बाटली टांगलेली. इंजिन थंड होते, धूर नव्हता, चढावर जोर होता. भाव बाजारापेक्षा तीस हजारांनी कमी. मला मनातून ती पसंत पडत चालली होती. तेवढ्यात सौभाग्यवती मागच्या सीटवर बसली आणि लगेच उतरली.

"अहो, हिला वास येतो."

"अत्तराचा येतोय."

"त्याच्या खालचा. पावसाळ्यानंतर पेटी उघडली की येतो तसा."

चाचांनी ते ऐकले मात्र, सरळ मागच्या सीटचा पट्टा हाती घेतला आणि शेवटपर्यंत बाहेर ओढला. एरवी गुंडाळीत राहणारा हातभर भाग बाहेर आला. त्यावर आडवी, मातकट, स्पष्ट रेघ होती. मग स्टेपनी उचलली. खालच्या खळग्याच्या कोपऱ्यात बारीक गाळ, कोरडा, चॉकलेटी. सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेले. डॅशबोर्डखाली फ्यूजची पेटी उघडली तर पितळी टोकांवर हिरवी बुरशी. दलाल म्हणाला, एकदा पावसात काच उघडी राहिली होती. चाचांनी चिमटीत गाळ घेऊन हातावर चोळला आणि म्हणाले, "काचेतून नदी येत नाय, भाऊ."

कुठली नदी ते सांगायला नको होते. २२ जुलै २०२१ ला आमच्या दक्षिणेस, जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटरवर, सावित्री आणि गांधारी महाडात शिरल्या. त्याच सुमारास वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. त्या संध्याकाळी तळीये गावावर दरड कोसळली. त्यापुढे मोटारींची गोष्ट काढणेही बरे दिसत नाही. पण पूर ओसरल्यावर गल्लोगल्ली मोटारी चिखलात उभ्या होत्या, हेही खरे. अशा गाडीचे पुढे काय होते? विमा असेल तर कंपनी ती 'पूर्ण नुकसान' धरून मालकाला पैसे देते आणि गाडी भंगाराच्या भावात लिलावाने निघते. घेणारा ती खोलतो, धुतो, सुकवतो, नवे कापड चढवतो. पुष्कळदा ती सरळ दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते, जिथे पुराची आठवण कोणाला नसते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरही बुडालेल्या गाड्या अशाच दूरदूर गेल्या.

बुडालेली गाडी चालते, इतकेच नव्हे तर छान चालते; हाच तिचा धोका. इंजिन धुता येते. पण आजच्या मोटारीत सगळीकडे तारांचे जाळे आणि लहान लहान संगणक असतात. त्यांच्या जोडांत शिरलेले गढूळ पाणी धातू हळूहळू खात राहते. वर्षभर काही कळत नाही. मग एके दिवशी खिडकी अडते, दुसऱ्या दिवशी दिवे जातात, आणि तिसऱ्यांदा इंजिन बंद पडते ते कुठे पडेल याचा नेम नाही. अपघातात एअरबॅग उघडेल की नाही याचाही नाही. माझ्या डोळ्यापुढे ताम्हिणीतले ते वळण आले. तीस हजारांच्या सवलतीत आईचे डोळे गहाण पडत होते.

दलाल गेल्यावर चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "महाडला एक माणूस आहे, सर. त्याची गाडी बघायची का? तोही पुरातलाच, पण तो सांगतो."

तो एक दुकानदार होता. पुरात दुकानातला सगळा माल गेलेला. गाडी त्याने जरा उंचावर लावली होती, म्हणून पाणी चाकांच्या वर येऊन थांबले. आतले कार्पेट भिजले, सीट वाचल्या. हे त्याने आम्ही विचारण्याआधीच सांगितले. दुसऱ्या दिवशीच गाडी ओढून नेली, ऑइल दोनदा बदलले, कार्पेट काढून टाकले, सगळी बिले जपून ठेवलेली. "गिऱ्हाइके येतात," तो म्हणाला, "पुराचे नाव काढले की चहासुद्धा न घेता जातात. सगळे म्हणतात, सांगू नका. सांगितले नाही तर पन्नास हजार जास्त मिळतील." अकरलॉफचा निबंध माझ्यासमोर खुर्चीवर बसून बोलत होता. मी चाचांकडे पाहिले. त्यांनी तासभर ती गाडी तपासली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "माणूस खरा, गाडीही बरी. माझ्यासाठी मी आज घेईन, सर. काही झालं तर मला दुरुस्त करता येईल. तुमच्या आईसाठी नको."

महिनाभराने चाचांच्या पुतण्याने ती घेतली. किंमत दुकानदाराने सांगितली तीच. चाचांनी घासाघीस करू दिली नाही. आजही ती गॅरेजाच्या दाराशी उभी असते आणि चालते.

आम्हाला गाडी मिळाली ती पुण्यात, कोथरूडला, आईच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरच्या ओळखीतून. तिचे नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात होईल. लहान, पाच दारांची, २०१५ ची, चौऱ्याहत्तर हजार चाललेली. दिसायला सामान्य. डाव्या दाराला खाच, पुढच्या बंपरवर ओरखडे. मालक बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी चहाबरोबर एक जाड फाईल आणून ठेवली. पहिल्या सर्व्हिसपासून शेवटपर्यंतची बिले तारीखवार लावलेली, प्रत्येकावर त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा. मी इतिहासाची साधने कशी वाचावी हे थोडेफार जाणतो. त्या फाईलीतले आकडे एकदाही मागे आले नव्हते. टायरवरचे साल, बॅटरीचे साल, बिलातले साल, तिन्ही जुळत होते. चाचांनी मडगार्डचे बोल्ट पाहिले. त्यांवरचा मूळ रंग कुठे खरवडलेला नव्हता, म्हणजे ते कधी उघडलेच नव्हते. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक त्यांनी पत्र्यावरून फिरवले. ते सगळीकडे धरले, फक्त खाचेपाशी जरा सैल पडले. तिथे थोडी लांबी भरलेली होती. पुट्टी म्हणतात तीच. लपवण्यासारखे नव्हते आणि मालकांनी लपवलेही नाही. आजोबांची आठवण ठेवून मी विचारले, "खोड काय?" ते क्षणभर थबकले, मग म्हणाले, "क्लच आता म्हातारी झाली आहे. आणि एसी दुपारी बाराला कुरकुरतो."

चांदणी चौकाच्या चढावर आम्ही ती चालवून पाहिली. चौथ्या गिअरमध्ये जोरात पेट्रोल दिले की इंजिनाचा आवाज चढे, पण वेग तितका चढत नसे. हीच ती घसरणारी क्लच. सपाटीवर स्टिअरिंग क्षणभर सैल सोडले तर गाडी सरळ गेली. म्हणजे चाकांची मांडणी ठीक. मुद्दाम खड्ड्यातून नेली तेव्हा पुढून बारीक 'टक' आला. लिंकचे रबर, चाचा म्हणाले, किरकोळ काम. आमच्या महामार्गाने इतकी वर्षे जे खड्डे सोसायला लावले आहेत, त्यानंतर माणगावच्या माणसाला त्या 'टक'चे काय वाटणार! चाचांनी कागदावर क्लच, लिंक आणि एसीचा गॅस यांचा खर्च मांडला आणि तेवढी रक्कम मालकांनी विनातक्रार कमी केली. निघताना चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला कुठल्याही पुस्तकात मिळाली नसती. "सर, या गाडीचा पार्ट माणगावात मिळतो. माणगावात नाय तर महाडला, महाडला नाय तर पनवेलला, दुसऱ्या दिवशी एस.टी.ने येतो. चांगली गाडी म्हणजे जिचा पार्ट जवळ आहे ती."

गाडी पसंत पडली तरी कागद राहतातच, आणि कागदांत माझ्यासारख्याला चाचांची गरज नव्हती. नोंदणीपुस्तकातला चासीचा आकडा मी गाडीवर कोरलेल्या आकड्याशी एकेक अक्षर जुळवून पाहिला. मालक पहिलेच आहेत, गाडी कधी भाड्याच्या परवान्यावर नव्हती, सी.एन.जी. बसवलेला नाही, हे नोंदीत दिसले. सी.एन.जी. असेल तर त्याची नोंद आणि दर तीन वर्षांनी होणारी टाकीची तपासणी, दोन्ही मागून घ्यावीत. ऑनलाइन दंडाचे एक चलन बाकी होते, ते मालकांनी आमच्या देखत भरले. घोडे अडले ते कर्जाच्या नोंदीपाशी. कर्ज सहा वर्षांपूर्वी फिटलेले, पण बँकेचे नाव नोंदणीपुस्तकातून काढायचे राहिलेले! स्वतः बँकेत जन्म घालवलेला माणूस, तोही ओशाळला. बँकेचा दाखला आणि नमुना ३५ देऊन ती नोंद निघेपर्यंत मी शेवटचा हप्ता हाती राखला. त्यांनीही त्यात काही गैर मानले नाही. मग नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्या. गाडी परराज्यातली असती तर तिकडच्या कार्यालयाचा ना हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, हाही लागला असता.

हस्तांतराच्या बाबतीत पुष्कळ दलाल कोऱ्या अर्जावर सही घेऊन ठेवतात आणि 'नाव नंतर चढवू' म्हणतात. विकणाऱ्याने याला कधी मान देऊ नये. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले आहे की गाडी विकली गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. आमच्या बँकवाल्या गृहस्थांना हे ठाऊक होते. पेणच्या परिवहन कार्यालयातून माझ्या नावाची नोंद झाल्याचे कळेपर्यंत ते दर दोन दिवसांनी फोन करीत. विम्याचेही तसेच. मोटार वाहन कायद्याप्रमाणे विमा गाडीबरोबर येतो, पण चौदा दिवसांत तो आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्ज द्यावा लागतो. मात्र दावा न केल्याबद्दल मिळालेली हप्त्यातली सूट जुन्या मालकाची असते, ती गाडीबरोबर येत नाही. तेवढा फरक भरावा लागतो, हे आधी हिशेबात धरावे.

नंबर अजून पुण्याचाच आहे, एम.एच. १२ पाहून निजामपूरची शाळकरी मुले बाईंना विचारतात, तुम्ही पुण्याला राहायला गेलात का? या पावसाळ्यात आईला घेऊन चार वेळा ताम्हिणी चढलो. एकदा वायपरचे रबर फाटले, ते विळ्याला थांबून बदलले. एरवी तक्रार नाही. आई पुढच्या सीटवर बसते आणि धबधबे मोजते. डाव्या डोळ्याने आता तिला समोरच्या गाडीचा नंबर वाचता येतो आणि तो ती मोठ्याने वाचतेही.

क्लच दिवाळीच्या सुट्टीत बदलायची आहे. चाचांनी भाऊबीजेनंतरचा दिवस दिला आहे. त्याआधी मुंबईचे चाकरमानी आपापल्या गाड्या घेऊन गावी येतात आणि गॅरेजात पाय ठेवायला जागा नसते.